कांताबाईंनी टाकलेला शब्द

कांताबाई गजभियेंच्या तोंडून कौतुक ऐकायचं असेल, तर माणसाने आधी काम केलेलं असायला हवं. रूप, घराणं, गोड बोलणं, यातलं काहीच त्यांच्यापुढे चालत नसे. शेजारच्या घरी नवी सून आली, तर दुसऱ्याच दिवशी यांनी तिला दारात गाठून विचारलं, "करते काय?" ती बिचारी हातावरच्या मेंदीकडे बघत राहिली.

याला कारण होतं. पुलगावजवळच्या खेड्यात त्यांची आजी जन्मभर दुसऱ्यांच्या दारात राबली, पण तिच्या राबण्याला कोणी काम म्हणत नव्हतं. ते तिच्या नशिबातच लिहिलेलं होतं म्हणे. वडिलांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन बुद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि परत आल्यावर मुलींना शाळेत घातलं. 'स्वतःची कमाई असली की मान आपोआप वर होते,' हे त्यांचं वाक्य कांताबाईंनी पदरात बांधून पुण्याला आणलं. नवरा भीमराव खडकीच्या कारखान्यात आणि त्या स्वतः अंगणवाडीत, असा दोघांनी संसार केला. मुलीचं, पायलचं लग्न ठरवताना समोरच्या बाईने मुलीच्या रंगाचा विषय काढला, तेव्हा कांताबाई म्हणाल्या, "माझी पोट्टी कमावती आहे. रंगाचं काय घेऊन बसल्या?" सोयरीक तिथेच मोडली. पुढे दुसरी जमली आणि चांगली जमली.

भीमराव निवृत्त झाल्यावर त्यांनी वाघोलीला घर बांधलं. तेव्हा वाघोली म्हणजे नगर रस्त्यालगतची धूळ होती. बघता बघता कॉलेजं आली, खराडीला काचेच्या इमारती उठल्या आणि कांताबाईंच्या वरच्या दोन खोल्यांना भाव आला. मुलगा प्रज्ञेश त्याच काचेच्या इमारतींपैकी एकीत कॉम्प्युटरवर बसायचा. तो नेमकं काय करतो हे घरात कोणालाच सांगता आलं नसतं, पण येईल त्याला कांताबाई ते सांगत असत.

त्या वरच्या खोलीत थिडा आली. मंडालेजवळच्या गावातून पुण्याला कॉम्प्युटरची पदवी घ्यायला आलेली ही ब्रह्मदेशची मुलगी खोली बघायला म्हणून घरात शिरली, आणि भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसताच खाली बसून तिने कपाळ जमिनीला टेकवलं. मग शेजारच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट दाखवून तिने विचारलं, हे सुटातले साहेब कोण? कांताबाईंना आधी रागच आला. मग त्यांनी तिला समोर बसवून आपल्या मोडक्या हिंदीत सगळी हकिगत सांगितली. चहा दोनदा झाला. भाड्याचं बोलणं राहूनच गेलं.

तीन वर्षांत थिडा मराठी शिकली, पण कोणाकडून, तर कांताबाईंकडून! त्यामुळे ती 'मले पाहिजे', 'तिले सांगा' असं बोले आणि रिक्षावाले तिला विचारत, "ताई, वर्ध्याच्या का?" पौर्णिमेला ती खाली वंदनेला येई. पाली तीच, पण तिकडे 'स'चा 'थ' होतो. ती 'बुद्धं थरणं' म्हणे आणि भीमराव गालातल्या गालात हसत. कांताबाई त्यांना डोळ्यांनी दटावत. आपल्या तोंडी बुद्ध काल आला, हिच्या घरी तो हजार वर्षं आहे, असं त्यांचं म्हणणं.

पदवी झाली आणि व्हिसा संपत आला. तिकडे थिडाचा भाऊ विद्यार्थ्यांच्या गडबडीत तुरुंगात जाऊन आला होता. त्याचा फोन आला की तो एकच सांगे: इकडे येऊ नकोस, आलीस तर पासपोर्ट काढून घेतील आणि पुन्हा बाहेर पडता यायचं नाही. थिडाला पुण्यात राहायचं होतं, नोकरी करायची होती. तिची मागणी एवढीच होती.

प्रज्ञेशने इंटरनेटवर सगळं वाचून काढलं आणि एका रविवारी जेवताना सांगितलं, "ऑप्शन्स तीन आहेत. एक, एम्प्लॉयमेंट व्हिसा. आमच्या कंपनीत हिचं होईल कदाचित. पण स्टुडंट व्हिसाचा नोकरीचा व्हिसा इथल्या इथे होत नाही. मायदेशी जाऊन तिथल्या आपल्या वकिलातीत अर्ज करायचा."

"तिकडे गेली की अडकली," भीमराव म्हणाले.

"दुसरा, लग्न. इंडियन माणसाशी."

सगळ्यांनी प्रज्ञेशकडे पाहिलं. प्रज्ञेशने ताटाकडे पाहिलं. त्याचं ऑफिसातल्या कल्याणीशी ठरल्यात जमा होतं. थिडाच हसून म्हणाली, "आई, दादा मले नको. तो भांडी नाही घासत."

उरला तिसरा. आणखी एका कोर्सला प्रवेश घ्यायचा आणि विद्यार्थी म्हणूनच व्हिसा वाढवून मागायचा. दोन वर्षं तरी सुटका झाली असती; तोवर तिकडचे दिवस पालटले असते. थिडाने प्रवेश घेतला, अर्ज केला. आता चौकशीला पोलीस घरी येणार होते.

"आई, पोलीस आले तर तिच्याबद्दल चांगलं सांग, बस," प्रज्ञेश म्हणाला आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेला. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या माणसाने पगार घेतला की तो गुन्हा होतो, हे त्याला माहीत होतं. थिडा संध्याकाळी चौकातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवून खोलीचं भाडं काढते, हेही माहीत होतं. 'आईला उगाच टेन्शन नको' म्हणून त्याने यातलं काही सांगितलं नाही. शिकलेल्या पोरांची ही एक तऱ्हा आहे. आईबापांना काळजी नको म्हणून ती त्यांना काही सांगत नाहीत आणि मग सगळी काळजी त्यांच्याच पदरात टाकतात.

पोलीस आला तो वयस्कर, दमलेला, बोलायला भला माणूस होता. कांताबाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. थिडा कॉलेजात होती. भीमराव दळण आणायला गेले होते.

"मावशी, कशी आहे मुलगी?"

झालं! ज्या प्रश्नाची कांताबाई आठवडाभर वाट बघत होत्या, तो आला. पायलच्या वेळी सांगितलं होतं तसं त्यांनी सगळं सांगितलं. पोट्टी पहाटे उठते, स्वतःचं स्वतः करते, कॉलेजात पहिली येते. आणि मग, सगळ्यात मोलाचं राखून ठेवलेलं, "आणि कमावती आहे, भाऊ! संध्याकाळी चौकातल्या क्लासमधी शिकवते. कोणाच्या उपकारात राहत नाही."

पोलिसाचा हात लिहिता लिहिता थांबला. त्याने कांताबाईंकडे पाहिलं, कप खाली ठेवला.

"शिकवते? म्हणजे शिकायला जात असेल क्लासला."

एवढं दार त्याने उघडून दिलं होतं. त्यातून बाहेर पडायला नुसतं 'हो' पुरलं असतं. पण कांताबाईंना वाटलं, बघा, गरिबाच्या पोरीला कमाई असते यावर याचाही विश्वास नाही.

"शिकायले कायले जाईन? शिकवते ती! पगार घेते महिन्याचा. क्लासवाल्याले विचारा पाहिजे तर. मी उगाच चढवून नाही सांगत, भाऊ."

"बरं," पोलीस म्हणाला आणि त्याने लिहिलं. निघताना चपला घालायला त्याला बराच वेळ लागला. कांताबाईंनी संध्याकाळी थिडाच्या आवडीची झुणका-भाकर केली. काम फत्ते झालं होतं.

पंधरवड्याने अर्ज फेटाळल्याचं कळलं. वर आणखी, महिन्याच्या आत देश सोडायचा होता. प्रज्ञेश ऑफिसातून तडक घरी आला.

"आई, तू त्यांना काय सांगितलंस?"

"चांगलं सांगितलं. तूच म्हणालास ना."

"नोकरी करते म्हणून सांगितलंस?"

"मग? चोरी करते म्हणून सांगू?"

प्रज्ञेशने डोक्याला हात लावला आणि मग जे आधी सांगायचं ते सगळं सांगितलं. काम केलं म्हणून शिक्षा, हे कांताबाईंच्या डोक्यात शिरेना. जन्मभर काम नाही म्हणून हिणवलेली माणसं त्यांनी पाहिली होती. काम केलं म्हणून देशाबाहेर काढलेलं माणूस हे पहिलंच. आणि ते आपल्या जिभेने काढलं! त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी थिडाला घेऊन त्या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या ऑफिसात गेल्या. नंबर लागल्यावर टेबलापलीकडच्या साहेबांसमोर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मी खोटं बोलली होती. ही पोट्टी काहीच करत नाही. आळशी आहे. दिवसभर लोळत असते. क्लासमधी ही काय शिकवणार? हिले काही येत नाही. तिचं घर श्रीमंत आहे, पैसे तिकडून येतात."

थिडा बाजूलाच उभी होती. तिला प्रत्येक शब्द कळत होता.

साहेब तरुण होते. त्यांनी थिडाकडे पाहिलं, मग कांताबाईंकडे. "आजी," ते हळू आवाजात म्हणाले, "क्लासवाल्याने लेखी दिलंय. घरी जा. उन्हाच्या आत पोचा."

बाहेर आल्यावर कांताबाई पायरीवरच बसल्या. थिडा शेजारी बसली. "आई, तुम्ही मले आळशी म्हणाल्या," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला, आणि मग दोघीही येणाऱ्या-जाणाऱ्यांची पर्वा न करता रडल्या.

जायच्या आदल्या संध्याकाळी पौर्णिमा नव्हती, तरी वंदना झाली. कांताबाई पंचशील पुढे म्हणत होत्या, बाकीचे मागे. चोरी न करण्याचं झालं, वागणुकीचं झालं. चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, त्या अडल्या. पन्नास वर्षं त्यांनी ते घेतलं होतं. खरं बोलल्या तेव्हा पोर गेली होती आणि खोटं बोलल्या तेव्हा ती परत मिळाली नव्हती. आता कोणत्या तोंडाने म्हणायचं? मग थिडाच पुढे झाली आणि आपल्या उच्चारांत तिने ते म्हटलं, 'मुथावादा वेरमणी थिक्खापदं थमादियामि.' या वेळी भीमराव हसले नाहीत. पाचवंही थिडानेच म्हटलं.

कोलकात्याहून तिचा एक फोन आला. 'मी बरी आहे, पोचले की करते,' म्हणाली. नंतर आला नाही. प्रज्ञेशने तिला मेल पाठवली, दोन-तीनदा पाठवली. कांताबाई रोज विचारत. पुढे विचारेनाशा झाल्या. वरची खोली त्यांनी बरेच महिने कोणाला दिली नाही. दार उघडून झाडून घेत आणि पुन्हा कुलूप लावत.

मग प्रज्ञेशला कंपनी अमेरिकेला पाठवणार असं ठरलं. घरात पेढे आले. पासपोर्ट काढायचा होता, म्हणजे पुन्हा पोलीस चौकशीला येणार. आला तोच, वयस्कर. त्याने कांताबाईंना ओळखलं. खुर्चीवर जरा अवघडूनच बसला. थिडाबद्दल त्याने काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही.

"मुलगा परदेशी चालला म्हणे," तो म्हणाला. "आता तरी मोकळेपणी सांगा, मावशी. काय करतो मुलगा?"

गेली पाच वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला, भाजीवाल्याला, गॅसवाल्याला, त्यांनी हे न विचारता सांगितलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून प्रज्ञेश हसत होता. आई आता सुरू होणार, हे त्याला ठाऊक होतं.

कांताबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"मले काही माहीत नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "तो इथं राहतो, एवढंच लिहा." आणि चहा टाकायच्या निमित्ताने त्या आत निघून गेल्या.