जिन्यातून उतरलेले साहेब

लोक या ग्रुपवर पिंपळावरच्या हडळी आणि पांढऱ्या साड्या लिहितात, ते मी वाचतो आणि हसतो. मी सीए. पुरावा दाखवा, मग बोला — जन्मभर हेच केलं. तरीही लिहितोय... कारण परवा माझ्या नातीने पहिलीच नोकरी सोडली. ऑडिटच्या कामाने 'बर्नआउट' झालं म्हणे. तिच्या साहेबाने तिला जे सुनावलं, ते शब्द मी भिवंडीत ऐकले होते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट, आणीबाणीच्या आधीची. मी आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, करत होतो. ऑफिस एका पॉवरलूम कारखान्याच्या वर. खाली दिवसभर लूमचा खडखडाट, वर आमचे साहेब — डोकं कोण जास्त खायचं, सांगता येणार नाही. आम्ही तापाने फणफणलो तरी म्हणायचे, "नाटकं! आमच्या साहेबांनी आम्हाला कधी सुट्टी दिली नाही. मेलो का?"

मेले नव्हते, पण जिवंत माणसासारखेही दिसत नव्हते. स्वतः सोसलेला जाच पुढच्याच्या डोक्यावर ओतायचा, आणि त्याला प्रोफेशनची शिस्त म्हणायचं!

उन्हाळ्यातली दुपार. साहेब केबिनचं दार लावून आत, बाहेर मी एकटा. लाइट गेली, लूम थांबले... आणि त्या शांततेत हुंदका ऐकू आला. समोरच्या रिकाम्या टेबलावर डोकं टेकून एक तरुण रडत होता. तो आत कधी आला, मी पाहिलंच नव्हतं.

"कोण रे तू?"

त्याने मान वर केली. चेहरा साहेबांचा! तीच फाटलेली कानाची पाळी. फक्त केस काळे, गाल भरलेले, वय माझ्याएवढं.

"घरी जायचंय," तो म्हणाला. "साहेब सोडत नाहीत."

भीती नंतर वाटली, आधी चीडच आली. "मग जा की!" मी खेकसलो. "साहेबाने काय पाय बांधून ठेवलेत?"

तो उठला आणि माझ्या बाजूने जिन्याकडे गेला. पाठोपाठ आमचा शिपाई गणपत चहा घेऊन वर आला.

"साहेब कुठं निंगालं? जिन्यान भेटलं... रडत व्हतं. माज्याशी बोललं पन न्हाय."

"साहेब आत आहेत," म्हणत मी केबिनचं दार उघडलं. खुर्ची रिकामी. टेबलावर चष्मा आणि उघडं पेन. केबिनला दुसरं दार नव्हतं, खिडकीला गज होते.

साहेब पुन्हा ऑफिसात आले नाहीत. काही आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेलो, तर खाटेवर पडलेले. "नुसते झोपतात," काकू म्हणाल्या.

साहेब मात्र उठून बसले. "त्या दिवशी केबिनमध्ये कोणीतरी म्हणालं, 'मग जा की.' आमच्या जुन्या साहेबांचाच आवाज." त्यांचे डोळे भरून आले. "वारल्यावर का होईना, सोडलं रे त्यांनी मला. देवमाणूस!"

देवमाणूस! बोललो मी, आणि श्रेय त्या मेलेल्या खवीसाला. सांगून टाकावं असं ओठांवर आलं होतं. पण ते पुन्हा आडवे झाले होते, भिंतीकडे तोंड करून, गाढ.

गणपतने साहेबांना पाहिलं, मी त्या पोराला. जिना एकच, दार एकच. कसं, ते मला आजही ठाऊक नाही.