गोड की खारट

"काय सांडला गो? गोड की खारट?"

दुकानात पाऊल टाकताना काका पहिलं हेच विचारायचे. कसं काय नाही, बरं आहे का नाही. चपला दाराबाहेर, अॅल्युमिनियमचा जेवणाचा डबा काउंटरवर, आणि हा प्रश्न. त्या डब्यात जेवण कधीच नसायचं. पेचकस, चिमटे, मऊ दातांचा टूथब्रश आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला साठचा पिवळा बल्ब, एवढा ऐवज असायचा. चिपळुणात कुणाच्या कॉम्प्युटरवर काही सांडलं की अलोऱ्याला काकांना फोन जायचा आणि ते मिळेल त्या एसटीने यायचे.

असा माणूस तुमच्याही गावात असेल. तो आला की आपण उगाच खुर्ची पुसायला लागतो. काकांसमोर तर भलेभले पहिल्या मिनिटाला खोटं बोलायचे. विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, पाणी. एका हेडमास्तरांनीही पाणीच सांगितलं होतं. काकांनी कीबोर्ड उलटा करून हुंगला आणि, तुमच्या शाळेत पाण्यात आलं घालतात काय, असं गंभीरपणे विचारलं. दुसऱ्या एकाने तर भिजलेला भाग तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला होता. काकांनी त्या भागात अडकलेले दाणे चिमट्याने वेचून त्याच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, रात्री भाताला घे.

कोयनेच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात, त्यांनी नोकरी काढली होती. "एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला वीज, मधी आम्ही," एवढंच ते त्या नोकरीबद्दल सांगायचे.

आमचा फोटो स्टुडिओ आहे. मे महिना, लग्नसराई. नवरा संगमेश्वरला एका लग्नाचे फोटो काढायला गेला होता आणि दुकानात मी एकटी. उकाड्याने जीव नकोसा झालेला, म्हणून कोकम सरबत केलं आणि ग्लास ठेवला कॉम्प्युटरच्या डब्यावर. त्या डब्याला आम्ही घरातलं फडताळच समजायचो. चष्मा, बिलबुक, देवाचा प्रसाद, सगळं तिथेच. फोन वाजला, मी वळले, कोपर लागलं. सगळा ग्लास वरच्या जाळीतून आत गेला.

पडदा काळा झाला. मी प्लग ओढला, पुसलं, पंखा लावला. आणि मग जे करू नये ते केलं. बघू तरी म्हणून परत चालू केलं. आतून टक असा आवाज आला, जळका वास आला, आणि मी प्लग ओढून लगेच काकांना फोन लावला.

कारण त्या मशीनमध्ये सुप्रियाच्या लग्नाचे फोटो होते. दुसरीकडे कुठेच नव्हते. कॅमेऱ्याचं कार्ड पुसून नवरा पुढच्या लग्नाला गेला होता. लग्नानंतर नवव्या दिवशी सुप्रियाचे वडील बसल्या जागी गेले. उभा जन्म मुंबईला नोकरीत काढलेला माणूस, गावच्या घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. नातेवाइकांच्या मोबाइलमध्ये होते ते पाठमोरे, नाहीतर पंगतीत वाढताना वाकलेले. आमच्या फोटोंत मात्र एक होता. कन्यादान उरकून खुर्चीत टेकलेले, फेटा कलता झालेला, आणि तोंडभर हसू. सुप्रियाने आदल्याच दिवशी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं होतं, हाच द्या, तेराव्याला लावायचाय. तेरावा उद्यावर आला होता, आणि ती आज दुपारी फोटो न्यायला येणार होती.

काका आले. प्रश्न आला. आणि एवढं सगळं माहीत असून मी म्हणाले, "पाणी."

त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, आत बोट फिरवलं आणि ते बोट जिभेला लावलं. माझ्याकडे बघितलंही नाही. "पाण्याला जिरा लावतेस तू?"

परत चालू केलंस काय, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. माझीच मला लाज वाटत होती, पण तोंड ऐकायला तयार नव्हतं. काकांनी हार्ड डिस्क काढली आणि तिच्या पोटाखालची सर्किटची हिरवी पट्टी उजेडात धरली. चिकट लाल ओघळ तिथपर्यंत आला होता आणि एका कोपऱ्यात काळा ठिपका दिसत होता.

"खरा सांग बाय. मी तुला बोलणार नाय. पण कुठे बघायचा, ता मला कळला पायजे."

मग मी सांगितलं. एकदा चालू केलं, टक वाजलं, लगेच बंद केलं. त्यांनी मान हलवली. पाणी असतं तर नुसतं वाळवलं असतं, म्हणाले. सरबत आधी धुवावं लागतं. साखर आत राहिली आणि वर वीज सोडली, तर उरलंसुरलंही जळून जाईल.

शेजारच्या गॅरेजमधून मी बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं. काकांनी ती तळहाताएवढी पट्टी सोडवली आणि बशीत धरून टूथब्रशने धुवायला घेतली. मी दोनदा हात पुढे केला आणि दोनदा त्यांनी तो कोपराने मागे सारला. काळा ठिपका पुसट झाला पण गेला नाही. शेवटी एका खोक्यात त्यांनी बल्ब लावला, पट्टी आत ठेवली आणि वरून कागद झाकला. दोन तास, म्हणाले.

तेवढ्यात सुप्रिया आली. हातात पिशवी, पिशवीत नवी कोरी रिकामी फ्रेम. तिने उघडा पडलेला कॉम्प्युटर पाहिला, खोकं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. फोटो आहे ना, एवढंच तिने विचारलं. मी काकांकडे पाहिलं.

"धूळ बसली होती," काका म्हणाले. "धुतलीय. वाळतेय. बस जरा."

माझ्याकडून जिरंसुद्धा कबूल करून घेणारा माणूस किती सरळ चेहऱ्याने खोटं बोलला. वर मला म्हणाले, तिला सरबत दे, पण बाहेर पायरीवर. सुप्रिया पायरीवर बसली. फ्रेम मांडीवर. ग्लास तिने तोंडाला लावलाच नाही.

दोन तास कसे गेले ते मी सांगू शकत नाही. मी चार वेळा कागद उचलायला गेले आणि चारही वेळा त्यांनी नुसतं "हात मागं" म्हटलं. शेवटी पट्टी बसवून काकांनी डिस्क आपल्या जुन्या लॅपटॉपला जोडली. टक. पुन्हा टक. मी डोळे मिटले. मग आत काहीतरी गरगरू लागलं.

"आधी तो एक," काका म्हणाले. "बाकीचा मागून."

फोल्डर उघडायला जीव जाईल इतका वेळ लागला. तो फोटो निघाला. कलता फेटा, तोंडभर हसू. मी तो लगेच पेन ड्राइव्हवर घेतला. मग बाकीचे उतरवायला लागलो आणि पंधरा मिनिटांत डिस्क गप्प झाली, ती कायमची. हळदीचे सगळे फोटो गेले, सप्तपदीचे अर्धे गेले.

सुप्रिया फोटो बघून रडली, मला हात जोडून गेली. तिचे ते जोडलेले हात मला सोसवेनात. काका चपला घालता घालता म्हणाले, पोर रडायच्या बेतात होती म्हणून धूळ म्हटलं. "तेरावा होऊ दे. मग तू जाऊन खरा सांग."

मी हो म्हणाले. गेले नाही. मशीन जुनं होतं, फोटो खराब झाले, असं सांगून मोबाइलमधल्या फोटोंची भर घालून आम्ही अल्बम उरकला. पुढे काका बाजारात भेटले की हटकून विचारायचे, "सांगितलंस?" पहिल्यांदा मी जाणार आहे म्हणाले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा म्हणाले, हो, सांगितलं. काकांनी माझ्याकडे थोडा वेळ बघितलं, बरं म्हणाले आणि एसटीकडे वळले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मला ते जास्त लागलं.

गेल्या माघात काका गेले. मी अलोऱ्याला त्यांच्या घरी भेटून आले. खिडकीत त्यांचा तो अॅल्युमिनियमचा डबा होता, झाकण लावलेला. परतीच्या एसटीतून उतरले ती दुकानात गेलेच नाही. तशीच सुप्रियाकडे गेले. वडील गेल्यापासून ती नवऱ्यासह आईजवळच राहायला आली होती. समोर भिंतीवर, त्या फ्रेममध्ये, वडील हसत होते.

"धूळ नव्हती सुप्रिया," मी म्हणाले. "सरबत होतं. माझ्याच हातून सांडलं. तुझे फोटो माझ्यामुळे गेले."

फोटोचा हार तिने नीट केला.

"मला म्हायत आहे, काकी. तेराव्याला काका आलेले. त्यांनीच सांगितलान." मग थांबून म्हणाली, "म्हणाले, ती येईल सांगायला. तोवर तू काय बोलू नको तिला."

दोन वर्षं. दोन वर्षं ही मुलगी मला रस्त्यात बघून हसत होती.

ती आत गेली आणि सरबत घेऊन आली. मी ग्लास दोन्ही हातांनी धरला. घोट घेतला, पण गोड होतं की खारट, ते काही मला कळलं नाही.