भावेशचा तास

सापगावच्या दीप्तीला न ओळखणारं दहावीचं पोर शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात शोधून काढावं लागेल. ओळखतात ते आवाजावरून. चेहरा फार थोड्यांनी पाहिलाय. बी.एस्सी. झाली, मग बी.एड. केलं, नोकरीसाठी शाळांच्या पायऱ्या झिजवल्या आणि काही जमलं नाही म्हणून घरीच बसली. लॉकडाउनमध्ये शेजारच्या पोरीला फोनवर एक गणित समजावून सांगितलं, तिथून हे सुरू झालं. त्या पोरीने नंबर मैत्रिणीला दिला, मैत्रिणीने आतेभावाला, आणि बघता बघता कुठल्या कुठल्या वाड्या-पाड्यांवरून दीप्तीच्या फोनवर त्रिकोण, वर्तुळं, भिंगं आणि आम्ल-आम्लारी येऊन पडायला लागली. शाळा उघडल्या तरी ते थांबलं नाही.

रीत साधी होती. पोरं पुस्तकातल्या पानाचा फोटो काढून पाठवायची आणि खाली शंका बोलायची. दीप्ती कागदावर उत्तर सोडवायची, त्याचा फोटो आणि सोबत आपल्या आवाजात समजावणं असं परत पाठवायची. आवाज शांत, घाई नसलेला. शेवटी सवयीने "समजलं का?" असं विचारायची आणि जरा थांबून मगच बोट उचलायची. तिचे वडील बाळाराम कसाऱ्याला रेल्वेत नोकरी करून रिटायर झाले होते. आयुष्य गाड्यांच्या आवाजात गेल्यामुळे घरातल्या शांततेत त्यांना झोप लागत नसे. दीप्ती बोलत असली की खाटेवर त्यांचा डोळा लागायचा.

यातच भावेशचे मेसेज यायचे. मुरबाडच्या अंगाला, डोंगराखालच्या एका गावातला मुलगा. नाव आणि "इयत्ता दहावी" एवढंच त्याने लिहिलेलं. फोटो जरा तिरका असायचा आणि पानाच्या कडेला पुस्तक धरलेला अंगठा दिसायचा. खाली बोललेलं असायचं, "मॅडम, हे मला समजलं नाय. परत एकदा सांगाल का?" पोर अदबीने बोलायचं. दीप्तीला ते आवडायचं. बाकीची पोरं नुसता फोटो टाकून मोकळी व्हायची.

एका दुपारी जेवणं उरकल्यावर ती मेसेज ऐकत बसली होती. कान दुखत होता म्हणून फोन मोठ्याने लावलेला. भावेशची शंका वाजली आणि खाटेवरून बाळाराम म्हणाले, "कालचाच परत कशाला लावलास?"

"आजचा आहे, आबा."

"आजचा? मग त्या बाईने आज पण त्याला तिथंच हाक मारली?"

दीप्तीने परत लावला. "परत एकदा सांगाल का" याच्या पाठोपाठ, खूप लांबून, एक बाई हाक मारत होती. "भावेऽश." आणि त्या लांबवलेल्या हाकेच्या मधेच मेसेज तुटत होता. तिने कालचा लावला. तीच हाक, तिथेच तुटलेली. परवाचा लावला. हाकेच्या आधी एक कोंबडी कलकलत होती, तीसुद्धा तशीच. मग ती मागे मागे जात राहिली. पावसाळ्यातले मेसेज, दिवाळीतले, थंडीतले. बाहेरचे दिवस बदलले होते, पण त्या मेसेजमध्ये तीच एक दुपार होती.

बाळाराम उठून बसले होते. "बंद कर गो तो," ते म्हणाले.

त्याच गावातली हर्षाली नावाची मुलगी अधूनमधून विज्ञानाच्या शंका विचारायची. दीप्तीने तिला विचारलं, तुमच्या गावचा भावेश कसा आहे, त्याचा फोन बिघडलाय का. "लिहीत आहे" असं दिसायचं आणि पुसलं जायचं. शेवटी मेसेज आला. "मॅडम, भावेश दोन वर्षांपूर्वी वारला. झोपेत मण्यार चावली. पोटात दुखतंय म्हणाला, कुणाला समजलंच नाय."

दीप्ती ते वाचत होती तेवढ्यात वर पट्टी आली. भावेशचा मेसेज होता. वर्तुळाच्या प्रकरणाचं पुढचं पान, कडेला अंगठा, आणि खाली तोच आवाज. आता तिने अंगठा नीट पाहिला. नख फाटलेलं, कातडीत चिखलाची काळी रेघ, सांध्यावर सुरकुत्या. तो पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचा अंगठा नव्हता.

तिने त्या दिवशी उत्तर पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच पान परत आलं, त्याच्या पुढच्या दिवशीही. आवाज तसाच अदबीचा, न रागावलेला. तो रागावला असता तर बरं, असं तिला वाटायला लागलं.

"जाऊन बघते," ती वडिलांना म्हणाली.

"मी येऊ?"

"नको. तुम्ही भांडाल."

ते खरं होतं. भूतबित मानणाऱ्यांशी ते जन्मभर भांडत आले होते. पण निघताना त्यांनीच पाण्याची बाटली भरून तिच्या हातात दिली.

मुरबाडच्या एसटीने ती फाट्यावर उतरली तेव्हा ऊन ऐन भरात होतं. भाताची खाचरं करपून भेगाळली होती, आणि रस्त्यात चिटपाखरू नव्हतं. हर्षालीने सांगितल्याप्रमाणे ती शाळा ओलांडून, बांधाच्या कडेने चालत राहिली. शेवटचं घर कौलारू, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. अंगणात पाय टाकणार तोच तिला आतून कुणीतरी बोलताना ऐकू आलं. बाईमाणूस होतं. ओळखीचा आवाज, पण कुणाचा ते चटकन ध्यानात येईना.

"आता बघ, या बिंदूतून त्रिज्या काढली. त्रिज्या आणि स्पर्शिका यांच्यामधला कोन काटकोन. नेहमी. घाबरायचं नाही."

दीप्ती उन्हात उभी राहिली. तिचाच आवाज होता. तिने महिन्यापूर्वी सापगावात बसून बोललेलं ते घर आतल्या आत ऐकत होतं. आवाज थांबून थांबून पुढे जात होता आणि तिला पुढचं प्रत्येक वाक्य आधीच ठाऊक होतं. शेवटी तो म्हणाला, "समजलं का?"

त्यानंतरची शांतता फोनमधल्या शांततेपेक्षा बरीच लांबली.

ओटीवर एक माणूस गुडघे जवळ घेऊन बसला होता. तिच्याकडे पाहून त्याने ओठावर बोट ठेवलं, मग हळूच उठून अंगणात आला. "सापगावच्या मॅडम ना?" तो कुजबुजला. "आवाजावरनं नाय, आवाज तर आत चाललाय. हर्षाली बोलली तुमी येणार म्हणून. मी महादू. भावेशचा बाप."

"काका, हे काय चाललंय?"

"तास आहे त्याचा," महादू म्हणाला. "त्याच्या आईला काय बोलू नका, मॅडम. तो गेला तवा सहा महिने ती बोलत नव्हती. खायला घातलं तर खायची. मग एक दिवस त्याचा फोन चार्जिंगला लावला. त्यानं तिला शिकवलेलं, फोटो कसा काढायचा, मेसेज पुढं कसा पाठवायचा. तो लिहीत बसायचा आणि फोटो काढायला आईला लावायचा. आता त्याचा तुमाला धाडलेला जुना मेसेजच रोज परत पाठवते, पण निदान पान उलटते."

आत भावेशची आई, गीताबाई, सतरंजीच्या एका कडेला बसली होती. बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेले. समोर भिंतीला टेकवून उशी ठेवली होती, उशीपुढे पाट, पाटावर भूमितीचं पुस्तक आणि टोक केलेली पेन्सिल. फोन डब्याला टेकवून उशीकडे तोंड करून उभा केलेला. सतरंजीच्या त्या भागावर कुणी पाय देत नसावं, कारण तिथले रंग अजून ताजे होते.

"ये गो बाय," गीताबाई म्हणाली. जणू वाटच पाहत होती. "उन्हातनं आलीस. पाणी घे. त्याला तीन दिवस अडलंय."

दीप्तीने पाणी घेतलं. बसमध्ये तिने बोलायचं ठरवून ठेवलं होतं, सगळं मनात जुळवलेलं होतं. गीताबाईने पुस्तक तिच्याकडे सरकवलं आणि पदर सावरून बाजूला झाली, जशी आई मास्तरांना जागा करून देते. महादू दारात येऊन उभा राहिला. दोघं तिच्याकडे बघत होती.

तिने शिकवलं. नजर कुठे ठेवावी हे कळेना, म्हणून सुरुवातीला पुस्तकाकडेच बघत बोलली. वर्तुळाबाहेरच्या एका बिंदूतून दोन स्पर्शिका निघतात, त्या सारख्याच लांबीच्या असतात, का असतात. हळूहळू हात चालायला लागला, कागदावर आकृती उतरली, आणि शिकवताना माणूस समोर बघतो तशी तिची नजर आपोआप उशीच्या जरा वर, बसलेल्या पोराच्या तोंडाच्या उंचीवर जाऊन थांबली. हे लक्षात आलं तरी बोलणं थांबलं नाही. आणि शेवटी, न ठरवता, तोंडातून निघून गेलं, "समजलं का?"

आई-बाप दोघांनी उशीकडे पाहिलं आणि वाट पाहिली. उत्तर यायला जेवढा वेळ लागतो तेवढीच. मग गीताबाईने मान हलवली.

"समजलं म्हणतो."

परतीच्या बसमध्ये दीप्ती मुद्दाम उन्हाच्या बाजूला बसली. बाहेर चटका बसत होता.

घरी बाळारामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बरोबर नाय. तू त्या बाईला आणखी आत ढकलतेस."

"मग काय करू? उत्तर नाही पाठवलं तर तेच पान येत राहतं."

दीप्ती मेसेजना उत्तरं देत राहिली. वर्तुळ संपलं, भौमितिक रचना झाल्या, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती. फक्त त्या एका नंबरसाठी ती शेवटचा प्रश्न विचारेनाशी झाली. शेवटचं वाक्य झालं की लगेच बोट उचलायची, जणू पलीकडून कुणी काही बोलेल या भीतीने.

शेवटचं उदाहरण मे महिन्यात आलं, पाण्याच्या टाकीच्या घनफळाचं. त्यानंतर काही दिवस काहीच आलं नाही. मग त्या नंबरवरून पहिल्यांदाच फोन आला.

"पुस्तक सरलं, मॅडम," गीताबाई म्हणाली. "आता परीक्षा घ्याल ना त्याची?"

दीप्तीने वडिलांना सांगितलं तेव्हा तिला वाटलं, आता ते चिडणार. त्यांनी हातातला टॉवेल घडी घालून ठेवला. "जा," ते म्हणाले. "पण खोटे मार्क देऊ नको."

तिने प्रश्नपत्रिका खरी काढली. बोर्डाला येते तशी, सोपे-अवघड प्रश्न नीट वाटून. दुपारीच पोहोचली. गीताबाईने घर झाडून, पाट पुसून ठेवला होता. पाटावर प्रश्नपत्रिका, कोरे कागद आणि नवा पेन ठेवला. पेनचं टोपण गीताबाईने स्वतः काढलं. दीप्ती पर्यवेक्षक बसतात तशी भिंतीशी बसली. महादू ओटीवर.

वाऱ्याने कागदाची कड उचलली जायची आणि परत बसायची. एक कोंबडी आत आली, सतरंजीपाशी थांबली आणि वळून निघून गेली. सुरुवातीला गीताबाईचा चेहरा परीक्षा केंद्राबाहेर उभ्या असलेल्या आईसारखा होता, ओढलेला पण आशेचा. तिची नजर पेनवर होती. उन्हाची तिरीप दारातून सरकत पाटापर्यंत आली आणि कोऱ्या कागदावर चढली. त्या उजेडात कागद फारच पांढरा दिसत होता. गीताबाई पुढे वाकून तो बघत राहिली.

"मॅडम," ती अगदी हळू म्हणाली. "तो लिहीत नाय."

"नाही लिहीत, मावशी."

"येत नसेल काय त्याला?"

"येत होतं. हुशार होता तो."

"होता," गीताबाई म्हणाली.

ती उठली नाही, रडलीही नाही. बऱ्याच वेळाने तिने हात लांब करून पेनला टोपण लावलं. कागद एकावर एक ठेवून दीप्तीकडे दिले. मग पाट बाजूला सरकवला आणि जिथे कुणी पाय ठेवत नव्हतं त्या सतरंजीच्या भागावर आडवी झाली, उशी डोक्याखाली घेतली, आणि दीप्तीच्या डोळ्यांदेखत झोपी गेली. महादू दारात येऊन बघत राहिला. तिच्या श्वासाचा आवाज घरभर ऐकू येत होता.

दीप्ती कोरे कागद पिशवीत घालून निघाली. त्यावर तिने मार्क दिले नाहीत आणि कुणी मागितलेही नाहीत. त्या नंबरवरून परत कधी मेसेज आला नाही.

दिवाळी झाल्यावर एक दिवस महादू सापगावला आला. खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी. बाळारामांनी त्याला खुर्ची दिली, दीप्तीने तांदूळ ओतून पिशवी परत दिली आणि चहा ठेवला. गीताबाई आता शेतावर येते, माणसांत बोलते, हर्षालीच्या घरच्या कार्यालासुद्धा जाऊन आली, असं त्याने सांगितलं. फोन विकला नाही, पण बंद करून पेटीत ठेवलाय. दीप्तीला खूप बरं वाटलं.

चहा झाला तरी तो उठेना. बाळाराम आत गेले तेव्हा तो पुढे सरकला.

"तिला आता काय ऐकू येत नाय, मॅडम," तो म्हणाला. "मला येतं."

"काय ऐकू येतं, काका?"

"दुपारचं. ती शेतावर असते तवा. कागदावर पेन्सिल चालते तसं. मधेच थांबतं, परत चालतं. तिच्यापुढं बोललो नाय मी."

दीप्तीच्या जिभेवर उंदीर आले, वारा आला, कौलं आली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि वेगळंच विचारलं.

"भीती वाटते का?"

"नाय गो. माझ्याच घरात भीती कसली," महादू म्हणाला. रिकामी पिशवी त्याने घडी करून काखेत मारली. "मी ओटीवर बसून राहतो. त्याचं लिहून होईपर्यंत."

मुरबाडची गाडी यायची वेळ झाली होती. दीप्ती त्याला सोडायला रस्त्यापर्यंत गेली.