एका गोलंदाजाच्या बदल्यात

मला एकदा एका मध्यमगती गोलंदाजाच्या बदल्यात दिलं होतं. वर एक कॅरम बोर्डही द्यायचा ठरला होता म्हणतात, पण तो काही पोचला नाही. भोसरीच्या कंपनीला क्रिकेटचा कप हवा होता आणि चाकणच्या कंपनीला बास्केटबॉलचा. दोन्हीकडचे एचआरचे साहेब वाकडला एकाच सोसायटीत राहायचे, सकाळी बरोबर फिरायला जायचे. त्या फिरण्यातच माझं ठरलं. मला कळलं ते ठेकेदाराच्या फोनवरून. "उद्यापासून भोसरीला जाऊ नकोस, चाकणच्या गेटवर जा. आणि बूट घेऊन जा, खेळायचे."

माणसाला असं देता-घेता येतं का, असं लोक विचारतात. कंत्राटी माणसाला येतं. माझं नाव कुठल्याच कंपनीच्या पटावर नव्हतं, ते ठेकेदाराच्या पटावर होतं, आणि त्याची माणसं पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेली होती. त्याला एका गेटवरचा माणूस दुसऱ्या गेटवर धाडायला एक फोन पुरायचा. कंपन्यांच्या स्पर्धा जवळ आल्या की साहेब लोक त्याला विचारायचे, तो तुमचा उंच गडी कुठे आहे सध्या? मग मी तिकडे.

परवा मुलीने मोबाईलवर एका खेळाडूची गोष्ट वाचायला दिली. वाढलेला कॅनडात, घराणं मूळचं फिलिपिन्सचं, आणि व्यावसायिक बास्केटबॉल खेळतो तो फिलिपिन्समध्येच. फॉरवर्ड, म्हणजे मी खेळायचो तीच जागा. त्याला या संघाने त्या संघाला, त्याने आणखी कुणाला, असं इतक्या वेळा दिलं होतं की वाचताना मलाच धाप लागली. "बाबा, हा अगदी तुमच्यासारखा आहे," मुलगी म्हणाली, "फक्त पैसेवाला." प्रत्येक फोटोत त्याच्या अंगावर नवी जर्सी होती आणि तोंडावर तेच हसू. ते हसू मी ओळखतो. नव्या संघात पहिल्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवताना ते तोंडावर चिकटवून ठेवावं लागतं. जुन्या संघाबद्दल वाईट बोलायचं नाही, आणि चांगलं तर त्याहून नाही. मला त्या पोराबद्दल फार वाईट वाटलं. मुलीला म्हटलं, चहा टाक.

मी धाराशिवकडचा. शाळेत असताना अचानक उंच झालो, इतका की आईने दोन वर्षांत तीनदा पॅन्टची शिवण सोडली. खेळाच्या सरांनी हातात चेंडू दिला आणि रिंगखाली उभं केलं. तिथे बरा खेळलो. आयटीआय करून पिंपरीला आलो तेव्हा वाटलं होतं, मशीन शिकू, कायम होऊ, आणि संध्याकाळी जमलं तर खेळू. झालं उलटंच. पहिल्या कंपनीत मला प्रेसवर घेतलं, हात जरा चालायला लागला तोच दुसऱ्या कंपनीने मला मागितलं. तिथे वेल्डिंग होतं. त्याचे चटके खाऊन खाऊन सवय होते न होते तोवर तिसरीकडे पॅकिंग. माझ्या हाताला एकही काम धड चिकटलं नाही. बरोबरची पोरं ऑपरेटर झाली, काही कायम झाली, त्यांनी रावेतला फ्लॅट घेतले, आणि मी दर दोन वर्षांनी नव्या साहेबाला सांगत होतो की मी डाव्या कोपऱ्यातून बास्केट मारतो.

रुबाब होता, खोटं कशाला बोलू. सरावासाठी शिफ्टमधून लवकर सोडायचे. कॅन्टीनमध्ये खेळाडूंना अंडी आणि केळी मिळायची, त्यावरून बाकीचे चिडवायचे, "आला बघा जावई, ताट मांडा." जावई तरी एकाच घरचा असतो, मी मनात म्हणायचो.

त्यातल्या त्यात भोसरीला टिकलो. कारण तिथे माझा दोस्त होता. चिपळूणकडचा, बुटका, काटक, चेंडू खेळवत पुढे आणण्याचं काम त्याचं. आम्ही एका खोलीत राहिलो, एकाच वर्षी दोघांची लग्नं झाली. मैदानावर तो माझ्याकडे बघायचाच नाही. समोरच्यांनी त्याला घेरलं की तो उजवीकडे डोळे लावायचा आणि चेंडू डावीकडे, माझ्या कोपऱ्यात फेकायचा. फेकला की स्वतः रिंगकडे धावायचा. मी मिळालेला चेंडू तसाच त्याला परत द्यायचो आणि तो सहज बास्केट करायचा. एकदा विचारलं, न बघता कसं काय टाकतोस रे? म्हणाला, "बघायचंय काय त्यात? तू तिथं असणारच ना, भावा."

तेवढ्यात तो मध्यमगती गोलंदाज निघाला आणि मी चाकणला गेलो.

चाकणला गेल्यावर मात्र मी पहिल्यांदाच खूश झालो. तिथल्या साहेबांनी पहिल्याच दिवशी मला खुर्चीत बसवून सांगितलं की या वर्षी कप आला तर तुझं नाव कायम करण्यासाठी मी स्वतः वर पाठवतो. मी घरी जाऊन ते सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. "अहो, खरंच?" एवढंच म्हणाली. पण त्या आठवड्यात तिने मुलीच्या शाळेची चौकशी सुरू केली. तोवर आम्ही कुठेच वर्षभराच्या पुढचं काही ठरवलं नव्हतं.

कामाला मला ग्राइंडिंगच्या मशीनवर टाकलं. तिथले सुपरवायझर चाकणजवळच्या निघोज्याचे, गावातल्या जुन्या घराण्यातले. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मामांना माझ्या खेळाचं काडीचं कौतुक नव्हतं. मी सरावाला निघालो की ते घड्याळाकडे बघायचे. "चालले का राजे? जा, जा. मशीनला न्हाई कळत तू किती उंच हाय त्ये." सकाळी पुन्हा माझ्याच उरावर उभे राहायचे आणि तोच पीस तीन-तीनदा मापायला लावायचे. मला त्यांचा राग यायचा. वाटायचं, एकदा कप येऊ दे, मग बघतो.

अंतिम सामना आला तो भोसरीशीच. महापालिकेच्या मैदानावर, शनिवारी संध्याकाळी. दोन्ही कंपन्यांच्या बस भरून माणसं आलेली, ढोल, शिट्ट्या. सामन्याआधी माझ्या चिपळूणकडच्या दोस्ताने आणि मी नुसते हात मिळवले, फार बोललो नाही.

खेळ चांगला झाला. बरोबरीत आलो होतो आणि शेवटचं मिनिट चालू होतं. चेंडू त्याच्याकडे. आमच्या दोघांनी त्याला घेरलं. मी ज्याला अडवत होतो तो गडी रिंगखाली पळाला, मला त्याच्या मागे जायला हवं होतं, पण गुडघ्याने दगा दिला आणि मी जागेवरच राहिलो. डाव्या कोपऱ्यात. त्याने उजवीकडे बघितलं. आणि चेंडू थेट माझ्या हातात आला.

आता कुणालाही वाटेल की प्रतिस्पर्ध्याने आयता चेंडू दिला, याने तो घेऊन पळावं. मलाही आज तसंच वाटतं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. हातात चेंडू आला, तो रिंगकडे धावताना दिसला, आणि मी चेंडू त्याला परत दिला. अगदी बेतशीर, छातीच्या उंचीवर. त्याने बास्केट केली.

मग सगळीकडून एकदम हसू फुटलं आणि भोसरीवाले नाचायला लागले. तो रिंगखाली उभा राहून माझी जर्सी बघत होता. त्याने कपाळावर हात मारला. मग शिट्टी वाजली. आम्ही हरलो.

आजही आम्ही दोघं जेवायला बसलो की त्याची बायको हा प्रसंग सांगायला लावते आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी येतं. मैदान सोडल्यावर त्या संध्याकाळी मात्र आमच्यात कुणी हसत नव्हतं. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "विकली मॅच." दुसरा म्हणाला, "जुन्या घरचं मीठ आहे राव, आळणी कसं लागेल?" मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्याचा फोन आला. "भावा, चूक माझी. मी तुमच्या साहेबांना येऊन सांगतो." म्हटलं, काय सांगशील? तू चुकून टाकलास, हे लोक मानतील. मी परत का दिला, ते कसं सांगणार?

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने मुलीच्या शाळेचे कागद टेबलावरून उचलून कपाटात ठेवले आणि मला वाढलं.

सोमवारी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. या वेळी बसायला सांगितलं नाही.

"एकच विचारतो," ते म्हणाले. "तू खेळत कुणाकडून होतास?"

मला खाली मान घालून उभं राहायचं होतं, तसं ठरवून आलो होतो. पण डोकं फिरलं. "साहेब, मला तरी कुठं माहीत आहे?" मी म्हणालो. "एवढ्या कंपन्या झाल्या, मला कुणी विचारलं नाही की येतोस का. बोलावलं तिथे गेलो, दिली ती जर्सी घातली. शनिवारी चेंडू ज्याच्याकडून आला त्याला परत दिला. पैसे घेतले असं वाटत असेल तर आत्ता काढून टाका, पण तसं म्हणू नका."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पैशाचं मी म्हटलं नाही," ते म्हणाले. "पण वर आता तुझं नाव कसं घालू, सांग. आणि पुढच्या वर्षी तुला संघात तरी कसा घेऊ?" मग माझ्यासमोरच ठेकेदाराला फोन लावला. आपला उंच गडी आहे, कुठे हवा असेल तर बघ. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, पण साहेबांचा चेहरा दिसत होता. गोष्ट सगळ्या गेटांवर पोचली होती. मी कुणालाच नको होतो.

साहेबांनी फोन ठेवला. मी मनातल्या मनात गावाकडे जाणारी गाडी बघायला लागलो होतो. मग त्यांनी मामांना बोलावून घेतलं. आता हेही माझी सालटी काढणार, मला वाटलं. मामा तेलकट हात पुसत आले आणि दारातच थांबले.

"मामा, याचं खेळाचं संपलं," साहेब म्हणाले. "तुमच्याकडून काढू याला? दुसरीकडे कुठे तरी लावून देऊ."

"काढायचा?" मामा म्हणाले. "का म्हणून?"

"का म्हणजे? तो खेळण्यासाठी आला होता."

"त्ये तुमचं तुमी बघा, साहेब. त्या पळापळीतलं मला काय बी समजत न्हाई. मशीनवर आता कुठं हात बसाया लागलाय त्याचा. सारखा उठवून न्हेत व्हते म्हणून राहिलं व्हतं." मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हितंच राहू द्या त्याला."

मी एवढी वर्षं ऐकलं होतं ते एवढंच, की याला आमच्याकडे द्या, याला तिकडे पाठवा. ठेवा असं माझ्याबद्दल कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकत होतो. साहेब काय म्हणाले ते नीट आठवत नाही, बहुधा बघू म्हणाले असतील. मी केबिनबाहेर आलो आणि मला रडू आलं, चांगलं मोठ्याने, शिपायासमोर. मामा दहा पावलं पुढे गेले होते. ते मागे वळून ओरडले, "आरं, चल की! मशीन थांबलंय."