शुक्रवारचं घर

तुम्ही सेवा करायला परमुलखात निघालात, तेव्हा तिथे तुम्हाला भाकरी कोण घालणार आणि ती घातल्याबद्दल त्याचं काय होणार, हे कुणाला विचारलंत का?

मी विचारलं नव्हतं. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता. स्वच्छता, समता, सत्य, सूतकताई. भाकरीवर एकही नव्हतं.

आमचं गाव इंग्रजी मुलखात. निजामाचं राज्य आमच्या लेखी परदेशच. मनमाडला गाडी बदलली की नाणं वेगळं, कचेरीची भाषा वेगळी, सुट्टीचा वार वेगळा, आणि आपण गैरमुल्की, म्हणजे परके. बोली मराठीच, पण तिची चाल निराळी. जालन्याच्या स्टेशनावर एका शिपायाने आमच्या पेटीतली औषधाची पूड बोटाने चाखून पाहिली. त्याची जीभ संध्याकाळपर्यंत जांभळी राहिली असणार. तिथून बैलगाडीने दोन दिवसांनी आम्ही तीर्थपुरीला पोचलो.

आम्ही दोघे होतो. माझा सोबती पूर्वी एका दवाखान्यात कंपाउंडर होता, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा आणि फार कमी बोलणारा. पटकीची साथ नुकतीच ओसरली होती. विहिरींत लाल औषध टाकायचं, गल्ल्या झाडायच्या, दिवे लागायच्या वेळी मोठ्या माणसांना अक्षरं शिकवायची, एवढं आमचं काम.

राहायला एका तेल्याने सरकीची कोठी दिली. अर्ध्या कोठीत सरकी, अर्धीत आम्ही. पोत्यांवर घोंगडी टाकून झोपायचं. सरकीला चिकटलेला कापूस सुटून हवेत तरंगायचा. सकाळी उठलो की भुवया पांढऱ्या. खिडकी नव्हती, एक दार होतं. उंदीर आमच्या पत्रकांना हात लावत नसत, सरकी खात. मला तेव्हा तो अपमान वाटे.

जेवण वारावर. गरीब विद्यार्थी जसा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असा आठवडा काढतो, तसं. आम्ही त्यात एक सुधारणा केली. सात वार, सात घरं, सातही वेगळ्या जातींची. सोमवारी वाण्याकडे, मंगळवारी मांगवाड्यात, बुधवारी एका कुणब्याकडे, असं. सहा घरं मीच फिरून ठरवली. सातवं घर स्वतःहून आलं.

तो पिंजारी होता, पण कापूस पिंजणं बापाबरोबर संपलेलं. हा सरकारी मदरशात, म्हणजे तिथल्या शाळेत, चपराशी होता. कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. घरात उर्दू, आमच्याशी मराठी.

"गुर्जी, शुक्रवार आमचा," तो म्हणाला. "जुम्म्याला मदरसा बंद राह्यतो, मी घरीच असतो. फकत नाव कुठं येऊ देऊ नका. गैरमुल्क्याला जेवाया घातलं म्हणून कळलं तर हा पट्टा जाईल. सहा तोंडं हायेत या पट्ट्यावर."

मी मान डोलावली. दर शुक्रवारी आम्ही मागच्या दाराने जायचो. त्याची बायको ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढायची आणि आमच्या पानात कमी पडलं की नवऱ्याच्या पानातून उचलून टाकायची. तो हसायचा. म्हणायचा, "बघा, माझ्याच घरात मी गैरमुल्की."

आता यादीबद्दल. ती माझी कल्पना. स्वयंसेवकाचं सगळं उघड असावं असं मी वाचलं होतं. म्हणून एका मोठ्या कागदावर वार आणि त्यापुढे घरमालकाचं नाव असं ठळक अक्षरांत लिहून मी तो कोठीच्या दाराला खळीने चिकटवला. शुक्रवारपुढची जागा मोकळी सोडली. सोबती म्हणाला, "यादी लावूच नको." मी लावली. तिचा एक उपयोगही निघाला: वर्गातली माणसं येता-जाता तिच्यावर बोट ठेवून अक्षरं लावायची. आपल्या गल्लीतल्या माणसाचं नाव कागदावर वाचता आलं की मोठ्याने हसायची.

त्यात एक लोहार होता, पन्नाशीचा. महिनाभरात सगळं वाचायला लागला. एका बुधवारी दारासमोर पाचसहा माणसं उभी असताना त्याने बोट खाली खाली नेलं आणि थांबला.

"शुक्र-वार. अन् पुढं? गुर्जी, शुक्रवारी निर्जळी राह्यता का तुमी?"

माणसं हसली.

"मला समजलं," तो म्हणाला. "सहा घरं फिरले बिनघोर. मुसलमानाच्या उंबऱ्याला आले अन् पाय थरथरले. भाषण मातर बराबर देतेत, हां! सगळे माणसं एक म्हणून."

"आम्ही जातो त्यांच्याकडे," मी म्हणालो.

"मंग लिवा की. लाज वाटते काय?"

सोबती त्या दिवशी शहागडला विहिरींत औषध टाकायला गेलेला होता. तो असता तर त्याने माझा हात धरला असता की नाही, माहीत नाही. मी आत गेलो, दौत आणली आणि सगळ्यांसमोर ते नाव लिहिलं, इतर सहांपेक्षा जरा मोठं. खाली रेघही ओढली. लोहार वाचून म्हणाला, "आता बिलकुल खरं." मला फार बरं वाटलं. त्यानंतर आजपर्यंत तसं वाटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांचा जमादार आला. आमच्या वर्गाबद्दल कुणीतरी अर्ज केला होता. त्याच्याबरोबर गावचे पाटील होते. जमादाराने पेटी उघडली, पत्रकं उलटीसुलटी केली, सरकीत काठी खुपसली. मग दाराकडे वळला. तो दूरच्या मुलखातला होता. उर्दू वाचायचा, आमची अक्षरं त्याला येत नव्हती.

"ये क्या लिखा है?"

पाटील म्हणाले, "शाळेचं काहीतरी दिसतंय, साहेब. मला चष्म्याबिगर दिसत न्हाई."

जमादाराने माझ्याकडे बोट केलं. "तुम पढो."

मी वाचू लागलो. सोमवार, मंगळवार. घाबरलो नव्हतो, आवाज स्वच्छ होता. वर्गात वाचायचो तसाच. गुरुवार झाला तेव्हा पाटलांना खोकला आला. खूप मोठा, लांबवलेला खोकला. पाटलांना एरवी खोकला नव्हता. मी तो संपेपर्यंत थांबलो आणि पुढची ओळ वाचली.

मी तिथे काहीही वाचू शकलो असतो. शुक्रवार, उपास. दोन शब्द. जमादाराला कळलं नसतं, पाटील बोलले नसते. सत्यावरचं पत्रक माझ्या पिशवीत होतं, माझं सबंध पाठ होतं.

"मदरसे का चपरासी?" जमादाराने विचारलं.

"जी," मी म्हणालो.

बाकीच्या सहा घरांना त्याने दम देऊन सोडलं. मदरसा सुटल्यावर शुक्रवारच्या घरासमोर तो घोडा घेऊन उभा राहिला. चपराशी बाहेर आला, जमादाराने मागायच्या आधीच त्याने पट्टा सोडला, बिल्ला आतल्या बाजूला येईल असा गुंडाळला आणि दोन्ही हातांनी दिला. मी वीसेक पावलांवर होतो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही असं मला सांगायचं होतं, पण त्याने पाहिलं. मला काही वाटलं नाही. सरकीचा कापूस नाकात गेला होता, तो काढत मी उभा होतो.

आम्हाला दुसऱ्या दिवशी हद्द सोडायचा हुकूम झाला. सोबती शहागडहून परतला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि पेटी बांधायला लागला. तो बोलावा म्हणून मी दोनदा मुद्दाम दोरी चुकीची बांधली.

दुसरा दिवस शुक्रवार होता. गाडी जुंपायच्या वेळी चपराशाची बायको आली. मागच्या दाराने नाही. कोठीला मागचं दार नव्हतंच. भर रस्त्याने, फडक्यात भाकऱ्या घेऊन.

"आज जुम्मा हाय," ती म्हणाली. "वार तुमचा हाय. खाऊन जावा."

सोबत्याने हात जोडले. मी विचारलं, "भाऊ काय करताहेत?"

"माळ्यावरचं सासऱ्याचं पिंजण काढून राह्यले. तात तुटली हाये त्याची, आतड्याची दोरी आणाया लागंल." मग फडक्याची गाठ सोडत, "तुमी वाचलं म्हणं. वाचलं तर वाचलं. पर मोठ्यानं का वाचलं?"

मी खाली मान घालून भाकरी खाल्ली. चार होत्या, दोन मी संपवल्या. चव आठवत नाही. दाराची यादी सोबत्याने पाण्याने भिजवून खरवडली. शुक्रवारची ओळ नीट निघाली नाही, शाई जास्त होती.

घरी परतल्यावर आमच्या समितीने अहवाल मागितला. शेवटी आभार, नावानिशी, असा नियम. मी ती जागा मोकळी ठेवून अहवाल दिला. चिटणीस म्हणाले, "हे अपुरं आहे." मी म्हणालो, "असू द्या."

आता नवे स्वयंसेवक त्या बाजूला जातात आणि जाण्यापूर्वी माझ्याकडे माहिती विचारायला येतात. पांघरूण काय न्यावं, पाणी कसं, डास आहेत का. मी सांगतो. पिंजणाची तात बसली का, हे मला माहीत नाही. पत्र पाठवलं तर पाकिटावर नाव लिहावं लागेल.

तुम्हीही परमुलखात कुणाच्या घरी जेवत असाल आणि त्या घराचं नाव तुमच्या वहीत, रोजनिशीत किंवा दारावर असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि तो कागद चुलीत घाला. तुम्ही ज्यांचं खाता त्यांच्याच चुलीत घाला, त्यांच्यासमोर.