बांधावर अडकलेलं पाऊल

सुनंदे, फोन नीट कानाला लाव. समोर असतीस तर कानच धरला असता. मोबाईलवर काहीतरी वाचलंस आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्यास? मोठी शहाणी! मावशी जिवंत आहे ना अजून विचारायला?

तुझ्या काकांना पार्किन्सन आहे असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच होते. पार्किन्सन म्हणजे हालचालीला लागणारं मेंदूतलं रसायन कमी पडतं. अंग ताठरतं, चाल मंदावते. सगळ्यांचा हात थरथरतोच असं नाही. काकांचा थरथरत नव्हता, तिथंच मी फसले.

त्यांची जुनी सवय तुला ठाऊक आहे. विहिरीवरची मोटर बंद करून यायचे आणि दारातून माघारी फिरायचे, स्टार्टरचं बटण बंद आहे ना ते बघायला. तीनदा, कधी पाचदा. लोक म्हणायचे, "तात्या, मोटर पळून गेली काय?" मीही हसायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांना यायला फार उशीर व्हायला लागला. सदऱ्याची बटणं लावायलाही वेळ. मला वाटलं, जुनंच खूळ वाढलंय. रोज टोमणा, "झाल्या का प्रदक्षिणा?" असंच वर्ष गेलं.

एक दिवस भाकरी झाकून मी मागोमाग गेले. स्टार्टर त्यांनी एकदाच बघितला. निघाले, आणि बांधापाशी उभेच राहिले.

"अवो, चला की!"

"पाऊलच उचलंना."

"कधीपास्नं?"

"लई दिस झालं. तू म्हनशील, नाटकं."

हात धरून घरी आणलं. मग नगरच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, नाव लिहून घेतलं. अक्षर मुंगीएवढं. एमआरआय, म्हणजे मेंदूचा फोटो, तो दुसरं काही नाही ना हे बघायला. त्यासाठी अर्धा दिवस बाकावर. मग जुन्या सवयी विचारल्या. मी मोटरचं हसत हसत सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत, म्हणाले, "आजी, तो ओसीडी असावा." म्हणजे एकच शंका मनात पुन्हा पुन्हा येते, आणि ती शमवायला माणूस तेच तेच करत राहतो. तोही आजारच.

काका हळूच म्हणाले, "म्हंजी मी येडा न्हवतो."

तुझा फोन आल्यावर परवाच्या तपासणीत मी मुद्दाम विचारलं, भाचीलाही ओसीडी आहे, त्यातनं पार्किन्सन होतो असं तिनं वाचलंय, तिचं पुढं असंच होणार का? डॉक्टर म्हणाले, "काहींमध्ये दोन्हींचा संबंध दिसतो, का ते अजून नीट कळलेलं नाही. पण ओसीडी असलेल्या बहुतेकांना पार्किन्सन होत नाही. भीतीनं गोळ्या सोडू नयेत."

ऐकलंस? तुझ्या आजाराला वेळेवर नाव मिळालं, औषध मिळालं. काकांना उभ्या आयुष्यात मिळाले ते माझे टोमणे. आता गोळ्यांनी चाल बरीच सुधारलीय. आजार पुरता जाणार नाही, ते आम्ही मान्य केलंय. बटण लागेपर्यंत मी शेजारी बसून गप्पा मारते, घाई करत नाही.

उद्याच तुझ्या डॉक्टरांना भेट, बंद केलेल्या गोळ्यांचं खरं खरं सांग. आणि रविवारी पाथर्डीहून नगर, तिथनं राहुरीची एसटी धर. तुझ्या त्या शंकांपायी निघायला कितीही वेळ लागू दे, कोणी हसणार नाही. आम्ही दोघं फाट्यावर थांबतो. ये गं लवकर.