बसवून ठेवलेली मावशी

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी जयपूरच्या एका बागेत म्हाताऱ्या माणसांना व्यायामाची पत्रकं वाटत होते. तिचा मुलगा, विनोददादा, म्हणाला, "झोपेतच गेली. काही त्रास नाही झाला." खोटं. दोन वर्षं त्रासच झाला होता, आणि तो प्रेमाने दिलेला होता.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, रेल्वेत. अकोल्याहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. ते गेल्यावर मावशी दादाच्या आदर्श नगरच्या घरी आली. सत्तरी उलटलेली, गुडघे फुगलेले. चाल म्हणून मी मागे लागले. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग बागेपर्यंत, मग बागेला पुरी फेरी. काही महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, अंगातली सूज उतरतेय, चालणं सोडू नका. वय झालं की ही सूज आतल्या आत धुमसत राहते, आणि रोजच्या चालण्याने बऱ्याच जणांची ती कमी होते. मावशीला हे डॉक्टरांआधीच कळलं होतं. म्हणायची, "बसली की गंजते वं मी."

मग एका शेजाऱ्याने दादाला विचारलं, "माताजी अकेली घूमती हैं? घर में सब ठीक है ना?" संपलं! तेवढ्याने दादाची इज्जत गेली. दुसऱ्या दिवशी मावशीचे बूट माळ्यावर, आणि खोलीत एक मऊ खुर्ची. डबा, पाणी, गोळ्या, सगळं हाताशी. दादा-वहिनी दिवसभर ऑफिसात, दाराला बाहेरून कुलूप... काळजी म्हणून! मी भांडले. वहिनी म्हणाली, "तुझं काय गं, पत्रक वाटलं की मोकळी. आई पडल्या तर आम्हालाच त्यांचं सगळं करावं लागेल ना?" मावशी खुर्चीतून म्हणाली, "जाऊ दे पोरी. मी पाहून घेते माझं."

पाय पुन्हा सुजले. अंथरूण धरलं, छातीत कफ भरला. चालली असती तर शंभरी गाठली असती असं मी म्हणत नाही. जितकी जगली तितकी तरी स्वतःच्या पायांवर जगली असती.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिला श्रद्धांजली वाहायच्या कार्यक्रमात दादा माइकवर म्हणाला, "शेवटची दोन वर्षं आम्ही आईला खुर्चीतून उठूसुद्धा दिलं नाही." लोकांनी माना डोलावल्या. एका बाईंनी डोळे पुसले. असा मुलगा सगळ्यांना मिळो, म्हणे... आणि मी, गावभर ओरडत फिरणारी, तिथे जेवणाची ताटं वाढत राहिले.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेले तर मावशीच्या खोलीला रंग द्यायचं चाललं होतं. सामान बाहेर काढलेलं. भिंतीवर छातीच्या उंचीला एक मळकट, तेलकट पट्टा. दारापासून खिडकीपर्यंत, तिथून पलंगाच्या जागेपर्यंत. दादाला ती भिंतीत आलेली ओल वाटली. रंगाऱ्याला म्हणाला, "यहाँ सीलन आ गई है, देख लो."

रंगाऱ्याने पट्ट्यावरून बोट फिरवलं. "सीलन नहीं है भाईसाब. कोई हाथ टेक-टेक के चला है यहाँ. रोज़ चला है."

दादाने पट्ट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुट्टी भर दो. ऊपर से दो कोट."